सव्वा रुपयाचा विडा

वाल्मिकदादा भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत म्हणाला, "विडा या वर्षी जितेश देईल. अपूची पावली कमी हाय, उगाच देवीपुढं तमाशा नको." कालवणात मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज तो हे बोलला आणि त्यानं तुकडा तोंडात टाकला.

अपू, म्हणजे अपेक्षा, त्याच पंगतीला बसली होती. दहा वर्षांची पोर, काही बहिरी नव्हती. तिच्या बापानं, राजेशनं, ताटात डोकं घातलं. तिची आई नम्रता पाणी आणायला म्हणून उठली, तांब्या भरलेला होता तरी. जितेश हा वाल्मिकदादाचा मुलगा, अपूपेक्षा एका पावसाळ्यानं धाकटा. त्यानं आपल्या आत्याकडे पाहिलं, कारण अशा वेळी घरात आवाज कुठून चढतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आत्या म्हणजे तेजश्री, वाल्मिक आणि राजेश यांच्या मधली बहीण. तिनं हातातला घास ताटात ठेवला. "दादा, पोरगी समोर बसलीय."

"बसू दे की. तिला काय कळतंय?"

"तुला कळत नाय ते बी तिला कळतं. आणि घरात थोरलं लेकरू तीच हाय. विडा तिचा."

"नाव ठेवलं अपेक्षा," वाल्मिकदादा हसत म्हणाला, "पण ठेवायची कुणाकडनं?" स्वतःच्याच विनोदावर तो इतका खूश झाला की त्याला ठसका लागला. तेजश्रीनं पाण्याचा पेला पुढे सरकवला नाही.

पावली म्हणजे चार आणे. ज्याच्या रुपयात तेवढे कमी तो डोक्यानं अर्धवट, असा या बोलण्याचा अर्थ. या घरात हे वाक्य अपूच्या आधी तेजश्रीसाठी वापरून वापरून गुळगुळीत झालेलं होतं. नवरा हात उचलतो म्हणून ती एका दुपारी पिशवी घेऊन माहेरी आली आणि परत गेली नाही, तेव्हा लोक म्हणाले, पावली कमी. कुंभिवलीच्या हायवेवर कंपन्यांत पॅकिंगची कामं मिळत असताना ती एस्टीत कंडक्टर झाली आणि पुरुषांनी भरलेल्या गाडीत "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून ओरडू लागली, तेव्हाही लोक तेच म्हणाले. मग तिनं बंद पडलेली नाणी गोळा करायला घेतली आणि लोकांच्या हाती पुरावाच लागला.

ती गोष्ट अशी झाली. सरकारनं पावली बंद केली ते वर्ष. पेपर वाचणाऱ्यांना कळलं, टीव्हीवाल्यांना कळलं, डोंगरातल्या वाड्यांवर मात्र ही बातमी कुणी चढून सांगितली नाही. बाया भाजी, मोळ्या, करवंदं घेऊन कर्जतच्या बाजाराला उतरायच्या आणि तिकिटासाठी कनवटीच्या पावल्या काढायच्या. बाकीचे कंडक्टर नाही म्हणायचे. त्यांचंही चूक नव्हतं, ती नाणी पुढे घेणार कोण? तेजश्री पावल्या घ्यायची, तिकीट द्यायची आणि पदरचे रुपये बॅगेत टाकायची. डेपोतले लोक हसायचे. म्हणायचे, बाईची कमी आहे ना, म्हणून गोळा करतेय. तिनं हसू दिलं.

संध्याकाळी खोलीत त्या पावल्या सतरंजीवर ओतून ती बघत बसायची. कशावर गेंडा, कशावर नुसता आकडा. काही इतक्या झिजलेल्या की आकडा बोटाला लागायचा पण डोळ्याला दिसायचा नाही. तिच्यानं फेकवेनात. मग पाच पैशाचं चौकोनी नाणं आलं, दहा पैशाचं झालरीच्या कडेचं आलं, वीस पैशाचं पितळी, कमळ असलेलं आलं, कुणा म्हातारीकडून भोकाचा पैसा आला. एस्टीत मशीन आलं तशा तिकिटांच्या जुन्या पत्र्याच्या पेट्या भंगारात निघाल्या. त्यातली एक तिनं विकत घेतली आणि तिकिटांच्या खणांत नाणी लावून टाकली.

अपू त्या खोलीत पहिल्यांदा आली ती रांगत. बोलायला लागली उशिरा, आणि लागली तीही आपल्या चालीनं. तिला काही विचारलं की ती विचारणाऱ्याकडे बघायची, मग दुसरीकडे बघायची, आणि उत्तर यायचं तेव्हा विचारणारा निघून गेलेला असायचा. शाळेत बाई पुढच्या मुलाकडे वळायच्या. घरात वाल्मिकदादा पुढच्या विषयाकडे वळायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की पोर चांगली आहे, फक्त वेळ घेते. वेळ! या घरात तेवढंच कुणाकडे नव्हतं.

आता गंमत बघा. तेजश्री ही जातीची कंडक्टर. उतरणाऱ्याचा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत डबल बेल देणारी बाई. सबंध कर्जत ते खोपोली रस्त्यावर तिच्याइतकी उतावळी कोणी नाही असं ड्रायव्हर सांगायचे. पण अपूपुढे ती मांडी घालून बसायची ती बसायचीच. डोळे मिटायला सांगून तळहातावर नाणं ठेवायची आणि विचारायची, "काय हाय?" अपू नाणं चोळायची, हुंगायची, गालाला लावायची. बाहेर हायवेला टँकर जात राहायचे. मग कधीतरी उत्तर यायचं, "कमळ." आणि कमळच असायचं.

तेजश्रीनं नाणी सालाप्रमाणे लावलेली होती. अपूनं एका रविवारी सगळी उपसली आणि आपल्या मनानं लावली. गव्हाच्या लोंब्या असलेली एका खणात, ती जेवणाची. वाघ आणि गेंडे एकत्र, फुलं वेगळी. आणि ज्यांच्यावर आकड्याशिवाय काहीच नाही ती शेवटच्या खणात. "ही कसली गं?" तेजश्रीनं विचारलं. बऱ्याच वेळानं पोर म्हणाली, "उपाशी." तेव्हापासून ती तशीच राहिली. नम्रतानं एकदा दिवाळीला मदत म्हणून सगळी नाणी चिंचेनं घासून लख्ख केली, तर अपू त्या दिवशी जेवली नाही. आईनं नाण्यांची तोंडं पुसली, एवढंच तिचं म्हणणं होतं.

शाळेला सुट्टी असली की तेजश्री तिला गाडीत घेऊन जायची, रीतसर हाफ तिकीट काढून. अशाच एका दिवशी, फाल्गुन सरता सरता, ठाकरवाडीवरची ठमी कैऱ्यांची पाटी घेऊन चढली आणि अपूशेजारी टेकली. ठमीच्या गळ्यात मण्यांच्या माळेत कडी लावलेली जुनी नाणी होती. अपूची नजर तिथून हलेना.

"काय बघते गं?" ठमीनं विचारलं.

अपू गप्प. ठमीला कुठं घाई होती? कैऱ्या काही पळून जाणार नव्हत्या. दोन थांबे गेले, माणसं चढली उतरली, तेव्हा कुठे अपूनं विचारलं, "गेंडा हाय?"

ठमीनं कनवटीची गाठ सोडली. आत चुन्याची डबी, दोन नोटा आणि एक पावली. पावलीवर गेंडा. "हा काय! बाजारात घेत नाय कुणी याला. पण मी फुकट नाय देयाची हां." तिची नजर अपूच्या केसांवर होती, तिथे लाल फुलांच्या दोन क्लिपा होत्या. अपूनं विचार केला. मग एक क्लिप काढून ठमीच्या हातावर ठेवली.

"दोन हायत की," ठमी म्हणाली.

पळसदरी मागे पडली तेव्हा अपू म्हणाली, "गेंडा एकच हाय."

ठमी अशी खदखदून हसली की पाटीतल्या कैऱ्या गाडीभर झाल्या. मागे उभ्या असलेल्या तेजश्रीनं हे सगळं ऐकलं होतं. ऐकता ऐकता ती बेल द्यायची विसरली आणि ड्रायव्हरनं आरशातून तिला शिव्या घातल्या. तिनं त्या आनंदानं खाल्ल्या. पोरीनं पहिला सौदा केला होता, आणि काय सौदा केला होता!

ती पावली अपूनं पेटीत ठेवली नाही. दप्तरातल्या कंपासपेटीत ठेवली. तेजश्रीनं तिला गेंडा दाखवून सांगितलं, "याची कातडी बघ किती जाड हाय. कुणी काय बी बोललं तरी याला लागत नाय. आपणबी तसं राहायचं." अपूनं नाण्यावरून बोट फिरवलं. तेजश्री गणवेशाला इस्त्री करून उठली तरी ती तशीच बसलेली. मग म्हणाली, "लागतं. सांगत नाय." तेजश्रीनं इस्त्रीची वायर गुंडाळता गुंडाळता तोंड भिंतीकडे केलं.

तर असा हा संसार होता, आणि आता मधे विडा आला.

त्या गावात चैत्रात गावदेवीची पालखी निघते आणि प्रत्येक दाराशी थांबते. पालखी थांबली की ढोल थांबतो. नवनाथ गुरव मोठ्यानं विचारतो, "विडा कितीचा?" घरातलं थोरलं लेकरू, मुलगा असो की मुलगी, पान, सुपारी, नारळ आणि दक्षिणेचं ताट पुढे करतं आणि म्हणतं, "सव्वा रुपयाचा." गुरव ताट पालखीला लावतो आणि आरोळी देतो, "पावलीऽऽ!" म्हणजे देवी पावली, घराचा विडा पोचला. मागून सगळं गाव "पावलीऽऽ" म्हणतं, ढोल कडाडतो आणि पालखी पुढच्या दाराकडे वळते. ज्या लेकराचा विडा एकदा पावला, त्याच्याच हाती तो लग्न होईपर्यंत राहतो. लेकरू बोललंच नाही, तर ताट त्याच्या पाठच्या भावंडाकडे जातं, आणि तेही कायमचं. या घराचा विडा इतकी वर्षं वाल्मिकदादाची थोरली मुलगी रिया द्यायची. गेल्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. आता पाळी अपूची होती, आणि ती हुकली की जन्माची हुकणार होती.

वाल्मिकदादाकडेही पुरावा होता. त्या जेवणाच्या आदल्या दिवशी त्यानं अपूला ओट्यावर उभं करून तालीम घेतली होती. ताटात दहाची नोट आणि वर एक रुपया ठेवला आणि म्हणाला, "म्हण, सव्वा रुपयाचा." अपू ताटाकडे बघत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं. पोरगी ताटाकडेच बघत राहिली. साजगावच्या कंपनीत तो सुपरवायझर होता. विचारल्यावर उत्तर आलं नाही की माणूस बदलायचा, ही त्याची कामाची रीत, आणि घरातही त्यानं तीच लावली.

त्या जेवणानंतर तेजश्रीनं अपूला खोलीत नेलं, पेटी उघडून पुढ्यात ठेवली आणि विचारलं, "काल मोठे बाबा विचारत होते, तवा का गं नाय बोललीस?"

अपूनं फुलांचा खण रिकामा केला आणि परत भरला. नम्रता दारात येऊन उभी राहिली. तेजश्रीनं तिला हातानंच गप्प बस म्हणून खुणावलं.

"सव्वा नव्हता," अपू म्हणाली.

"म्हंजे?"

अपूनं मग वाघ-गेंड्यांचा खण उपसला. "ताटात अकरा होते. सव्वा कुठं होता?"

तेजश्रीला आधी हसू आलं आणि मग असा राग आला की कानशिलं तापली. खरंच की! पावली बंद पडल्यापासून गावात कुणाच्याही ताटात सव्वा रुपया नव्हता. कुणी अकरा ठेवायचं, कुणी एकवीस, कुणी एकशे एक. आणि देवीच्या तोंडावर सांगायचं, सव्वा रुपयाचा! सगळं गाव वर्षानुवर्षं खोटं बोलत होतं आणि शहाणं म्हणवत होतं. एक पोर खोटं बोलली नाही, तर तिची पावली कमी. हे सहन करायचं? का म्हणून?

सकाळी वाल्मिकदादा ओट्यावर मोबाइल बघत चहा पीत होता. राजेश मोहोपाड्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला निघायच्या घाईत होता. तेजश्री गणवेश घालूनच बाहेर आली.

"दादा, विडा अपूच देणार."

"तुला एकदा सांगितलेलं कळत नाय का गं?" त्यानं मान वर केली नाही. "तू माहेरी राहतेस, खुशाल राहा. घरातल्या मानपानात पडू नको."

"लाईटबिलात पडते तवा चालतं. पत्रे बदलायच्या वक्ताला पडले तवा चाललं. मानपानातच तेवढं नाय चालत?"

"ताय, जाऊ दे ना," राजेश बुटाची नाडी बांधत पुटपुटला. "उगाच वाद नको. पोरगी नाय बोलली तर सगळ्यांदेखत आपलीच..."

"आपलीच काय? राजेश, पोर तुझी हाय का शेजाऱ्याची? तुझी असंल तर तोंड उघड, नायतर बूट घाल आणि जा."

राजेशनं दुसरा बूट घातला. तोंड उघडलं नम्रतानं. या घरात येऊन तिला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि थोरल्या दिरासमोर ती कधी अक्षर बोलली नव्हती. "भावोजी," ती म्हणाली, "विडा माझी पोरगीच देणार."

वाल्मिकदादानं मोबाइल खाली ठेवला. त्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तो म्हणाला, "बरं. देऊ दे. पण माझे साजगावचे साहेब येणार हायत पालखीला. गुरव एकदा विचारील. ही थांबली, की ताट जितेशच्या हातात. मंग मला कुणी काय बोलायचं नाय."

"कबूल," तेजश्री म्हणाली. "हा विडा आता मी उचललाय."

नम्रतानं मात्र धसका घेतला. उठता बसता ती अपूला घोकायला लावू लागली, "म्हण बाळा, सव्वा रुपयाचा. म्हण ना." तेजश्रीनं ते बंद पाडलं. "तिला येतं सगळं. तू ताट खरं कर, ती खरं बोलंल." पालखीच्या आदल्या संध्याकाळी तिनं पेटी अपूपुढे उघडली. "कुठली पावली देऊ या, निवड."

अपूनं एकेक खण पाहिला आणि झाकण लावून टाकलं. दप्तर आणलं, कंपासपेटी काढली आणि ठमीचा गेंडा तळहातावर घेतला.

तेजश्रीनं पेटी पुन्हा उघडली. "अगं, हा गेला की परत येणार नाय. देवीच्या पेटीत जाईल. माझ्यातला घे की एखादा, किती हायत."

अपूनं नाणं मुठीत धरलं. "ते तुझे हायत," ती म्हणाली. नंतर, तेजश्री दिवा लावून आली तेव्हा, तिनं पुरं केलं, "विडा माझा हाय."

पालखी दाराशी आली तेव्हा उन्हं कलली होती. गुलाल उडत होता, हायवेवरचे ट्रकवाले गाडी कडेला लावून बघायला उभे होते. वाल्मिकदादा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, शेजारी साजगावचे दोन पाहुणे, आणि त्याच्या हाताशी नव्या कुडत्यात जितेश, तयार करून ठेवलेला. अपू उंबऱ्याच्या पुढे ताट घेऊन उभी होती. ताटात पान, सुपारी, नारळ. दक्षिणेची जागा रिकामी. एका हातानं ताट छातीशी धरलेलं आणि दुसऱ्या हाताची मूठ घट्ट.

ढोल थांबला. नवनाथ गुरवानं आवाज दिला, "विडा कितीचाऽ?"

अपूनं गुरवाकडे पाहिलं. मग पालखीकडे पाहिलं. भोयांनी खांदे बदलले. मागे कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी म्हणालं, "बोल की गं, बोल लवकर." नम्रतानं डोळे मिटून घेतले. राजेश गर्दीत मागे उभा होता, तो पुढे आला आणि लेकीच्या पाठीशी उभा राहिला.

"झालं," वाल्मिकदादा म्हणाला. "जितेश, हो पुढं, घे ताट."

जितेशनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "तिचं हाय," तो म्हणाला.

"अरं घे म्हणतो ना!" वाल्मिकदादानं त्याला दंडाला धरून ओढलं आणि स्वतःच ताटाला हात घालायला निघाला.

तेव्हा तेजश्रीनं मधे पाय रोवला आणि गच्च भरलेल्या गाडीच्या मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत पोचणारा आपला आवाज काढला. "थांबाऽऽ! माणूस उतरतंय!"

त्या गर्दीत तिच्या गाडीतून प्रवास न केलेला गावातला एकही माणूस नव्हता. अंगवळणी पडलेलं होतं, सगळे जागच्या जागी थांबले. मागचं हसणं थांबलं, वाल्मिकदादाचा हात थांबला. नवनाथ गुरवाला हसू आवरेना. "उतरू द्या बाबांनो," तो म्हणाला, "घाई कशाला? देवी काय कंपनीच्या बसनं आलीय?"

आणि सबंध गाव एका पोरीसाठी उभं राहिलं.

अपूनं मूठ उघडली. आतलं एक नाणं पानावर सोडलं. "एक रुपया," ती म्हणाली. मग थांबली. तिनं मुठीतल्या दुसऱ्या नाण्यावरच्या गेंड्यावरून एकदा अंगठा फिरवला, ते रुपयाशेजारी ठेवलं आणि स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि पावली."

मागच्यांना ताट दिसत नव्हतं. इतका वेळ ताटकळलेल्या त्या माणसांच्या कानावर एकच शब्द पडला, ज्याची ती वाट बघत होती. "पावलीऽऽ!" म्हणून सगळं गाव ओरडलं. ढोलकऱ्यांनी ढोलावर टिपरू घातलं. गुलाल उडाला. भोयांनी पालखी उचलून धरली.

"अरं थांबा!" वाल्मिकदादा हातवारे करत ओरडायला लागला. "गुरव बोललाच नाय अजून! पोरगी बोलली! ती नाण्याचं बोलली रं, देवीचं नाय! आन् नाणं बी बंदातलं हाय!"

नवनाथ गुरवानं ताटातली पावली उचलून डोळ्यांजवळ नेली. कितीतरी वर्षांनी तो विड्यात खरी पावली बघत होता. "वाल्मिकभाऊ," तो म्हणाला, "इतकी वर्षं तुमी अकरा ठेवून सव्वा म्हणता, मी ऐकून घेतो. आज खरा सव्वा आला. बंद तुमच्या बाजारात. हितं काय बंद नि काय चालू? आणि गाव पावली म्हणालं, ढोल वाजला. वाजलेला ढोल मला परत घेता येतो का?" त्यानं ताट पालखीला लावलं.

पालखी वळायची, पण वळेना. अपू अजून वाटेतच उभी होती, तोंड थोडं उघडं ठेवून. तेजश्रीला ते तोंड पाठ होतं. "तिचं बोलणं संपलं नाय अजून," ती म्हणाली.

गुरवानं हात वर केला. पावली झाल्यावर वाजता ढोल मधेच थांबला, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. "बोल बाय," तो म्हणाला. "आमी हाय उभे."

अपूनं वळून वर पाहिलं. गुरवाकडे नाही, देवीकडे नाही, थेट आपल्या थोरल्या चुलत्याकडे.

"मोजा, मोठे बाबा," ती म्हणाली. "कमी नाय."

वाल्मिकदादाचं तोंड उघडलं. पाहुणे त्याच्याकडे बघत होते, गाव बघत होतं, जितेश बघत होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण शब्द जुळेनात. तेजश्रीनं ओट्याच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, "चलाऽऽ!" ढोल कडाडला आणि पालखी पुढच्या दाराकडे निघाली. त्याच्यासाठी कुणी थांबलं नाही.